स्वीकार, दया आणि पालट : ख्रिस्ती कथांतील तीन पाठ

आपल्या न्यासाच्या सुवर्ण महोत्सवी स्मरणिकेसाठी काही बोधपर लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची सूचना झाली, आणि ती आम्ही आनंदाने मान्य केली. आम्ही व्यवसायाने शिक्षक. माध्यमिक वर्गांना गणित शिकवणे हा आमचा नित्याचा उद्योग. धर्माने आम्ही मुसलमान. तेव्हा ह्या प्रसंगी ख्रिस्ती धर्मकथांचा विषय आम्ही का घेतला, असा प्रश्न काही सभासदांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर ह्या महोत्सवाच्या नावातच सापडते. आपण सारे ह्याला बोलताना 'ज्युबिली' म्हणतो. हा शब्द कोठून आला, हे पाहिले म्हणजे पुढील विवेचनाचे प्रयोजन आपोआप ध्यानात येईल.

'ज्युबिली'चे मूळ हिब्रू भाषेतील 'योबेल' ह्या शब्दात आहे. योबेल म्हणजे मेंढ्याचे शिंग, आणि त्यावरून त्या शिंगाचा कर्णा. बायबलाच्या जुन्या करारात लेवीय नावाचे पुस्तक आहे. त्याच्या २५ व्या अध्यायात यहुदी लोकांना एक नियम घालून दिला आहे. सात वर्षांची सात आवर्तने मोजावीत, म्हणजे ४९ वर्षे होतात; त्यानंतरचे पन्नासावे वर्ष पवित्र मानावे. प्रायश्चित्ताच्या दिवशी देशभर शिंग फुंकावे. हलाखीमुळे ज्याची जमीन विकली गेली असेल त्याच्या घराण्याला ती परत मिळावी, आणि पोटासाठी दुसऱ्याच्या घरी राबत असलेल्या स्वकीयाने मोकळे होऊन आपल्या माणसांत परत जावे. म्हणजे पन्नासावे वर्ष हे मुळात हारतुऱ्यांचे वर्ष नव्हते, ते परत येणाऱ्यांचे वर्ष होते. शिंग वाजे ते ज्यांचे काही गमावले आहे त्यांच्यासाठी.

येशू ख्रिस्त ह्याच परंपरेत जन्मले आणि वाढले. त्यांनी सांगितलेल्या व त्यांच्याविषयी सांगितल्या गेलेल्या कथांत परत येणाऱ्या माणसाचा विषय पुनःपुन्हा येतो. आम्हां मुसलमानांनाही ते परके नाहीत. हजरत ईसा म्हणून आम्ही त्यांचा आदर करतो, आणि कुराणातील १९ वी सूरह त्यांच्या मातेच्या, मरियमच्या, नावाची आहे. त्यांच्या स्वरूपाविषयी दोन्ही धर्मांत जो मतभेद आहे तो आहेच; तो येथे मिटवण्याचा आमचा अधिकार नाही आणि हेतूही नाही. मराठी वाचकालाही ह्या कथा नव्या नाहीत. घाट उतरून गेले की गोव्यात रायतूर लागते. तेथे १६१६ साली फादर स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठीत आहे. चारशे वर्षांपूर्वी ज्या कथा ओवीत बसल्या, त्या आज आपल्या स्मरणिकेत बसण्यास हरकत नसावी.

पहिला पाठ : स्वीकार

लूककृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायात तीन दृष्टान्त एकापाठोपाठ येतात. प्रसंग असा की, जकातदार व लोकांनी पापी ठरवलेली माणसे येशूंचे ऐकण्यास येत, आणि ते अशांबरोबर जेवतात म्हणून शास्त्री व परूशी कुरकुर करीत. त्या कुरकुरीला दिलेले उत्तर म्हणजे हे तीन दृष्टान्त. पहिल्यात शंभर मेंढरांपैकी एक हरवते. दुसऱ्यात दहा नाण्यांपैकी एक हरवते. तिसऱ्यात दोन मुलांपैकी एक हरवतो. गणिताच्या शिक्षकाच्या नजरेला हा क्रम लगेच दिसतो : शंभरात एक, दहात एक, दोहोंत एक. नुकसान दर वेळी अधिक जवळ येत जाते, आणि शेवटी ते आपल्याच ओसरीवर येऊन थांबते.

तिसऱ्या दृष्टान्तातील धाकटा मुलगा बापाच्या हयातीतच आपला वाटा मागतो. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे वडील मुलाला दुप्पट हिस्सा, म्हणजे दोन भावांत धाकट्याला एक तृतीयांश. तो घेऊन मुलगा दूर देशी जातो व सारे उधळतो. दुष्काळ पडतो, आणि त्याला डुकरे राखण्याची पाळी येते. यहुद्यांत हे जनावर अशुद्ध. त्याच्या पुढ्यातील शेंगांवर मन जावे, एवढी ती उपासमार. तेव्हा तो शुद्धीवर येतो व मनात बापापुढे बोलायचे वाक्य जुळवतो. त्या वाक्याचे तीन तुकडे आहेत : मी अपराध केला आहे, तुमचा मुलगा म्हणवून घेण्यास मी योग्य नाही, मला चाकरांत ठेवा.

आता बापाकडे पाहावे. मुलगा दूर असतानाच तो त्याला पाहतो, म्हणजे त्याची नजर वाटेवर होती. घरातील पोक्त कर्ता पुरुष धावत नसतो, हा धावतो. मुलगा पाठ केलेले वाक्य म्हणू लागतो, पण तिसरा तुकडा त्याच्या तोंडून बाहेर येत नाही. चाकरी मागण्याआधीच बापाने उत्तम झगा, अंगठी आणि जोडे मागवलेले असतात. पहिला दोन तुकड्यांतील कबुली बाप ऐकून घेतो, तो अपराध नव्हताच असे म्हणत नाही. मात्र मुलाने स्वतःची जी किंमत लावली होती ती तो मान्य करीत नाही. स्वीकार म्हणजे हेच. अपराधाला अपराध म्हणावे, पण माणसाला त्याच्या अपराधाच्या भावाने मोजू नये.

दृष्टान्त येथे संपत नाही, आणि आमच्या मते आपल्यासारख्या प्रतिष्ठित, नियमित, वर्गणी वेळेवर भरणाऱ्या मंडळींसाठी खरा पाठ येथून पुढेच आहे. थोरला भाऊ शेतातून येतो, वाजंत्री ऐकतो आणि रागाने घरात शिरत नाही. त्याची तक्रार खोटी नाही. इतकी वर्षे तो राबला, त्याने एक आज्ञा मोडली नाही, आणि त्याला मित्रांबरोबर मेजवानीसाठी एक करडूही मिळाले नव्हते. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो व त्याची समजूत घालतो. पण थोरला शेवटी आत गेला की नाही, हे कथेत सांगितलेलेच नाही. ती जागा श्रोत्यांसाठी मोकळी ठेवली आहे.

दुसरा पाठ : दया

हा पाठ मत्तयाच्या १८ व्या अध्यायातील असून आम्ही तो कधी कधी गुणोत्तर शिकवताना वर्गात वापरतो. एका राजाने आपल्या सेवकांचा हिशेब घेतला. एकाकडे दहा हजार तालांत येणे निघाले. ते फेडणे अशक्य, म्हणून त्याला बायकामुलांसह विकावे असा हुकूम झाला. तो पाया पडला. राजाला कळवळा आला आणि त्याने सारे देणे सोडले. बाहेर पडताच ह्या सेवकाला एक सोबती भेटला. त्याच्याकडे ह्याचे शंभर दीनार येणे होते. ह्याने त्याचा गळा धरला. सोबत्याने मुदत मागितली, आणि तीही ह्याने राजाजवळ वापरलेल्याच शब्दांत. तरी ह्याने त्याला तुरुंगात घातले. हे राजाच्या कानी गेले आणि पहिली सूट रद्द झाली.

आता हिशेब करू. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार. म्हणून १०,००० तालांत म्हणजे ६ कोटी दीनार, अर्थात ६ कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला कामाचे ३०० दिवस धरले तर हे कर्ज फेडण्यास २ लाख वर्षे लागतील. दुसरे कर्ज १०० दिवसांचे. दोन्ही रकमांचे गुणोत्तर ६ लाखास १. मुले आकडा पाहून हसतात, आणि मग एखादा मुलगा विचारतो की, सर, इतके कर्ज एका माणसाला दिले कोणी? प्रश्न योग्य आहे. आकडा मुद्दामच अशक्य ठेवला आहे, कारण आपल्याला आयुष्यात मिळालेल्या सूटीची बेरीज आपण कधी करीतच नाही. आईबापांनी पोटात घातलेल्या चुका, शेजाऱ्यांनी न बोलून दाखवलेले अपराध, ईश्वराने झाकून ठेवलेले दोष, हे सारे आपल्या खात्यावर जमा आहे.

येथे एक गोष्ट काळजीने पाहावी. शंभर दीनार ही रक्कम क्षुल्लक नव्हती. चार महिन्यांची पूर्ण कमाई बुडाली तर कोणाला दुःख होणार नाही? दुसऱ्याचा अपराध लहानच असतो, असे ही कथा सांगत नाही. तो मोठाही असू शकतो. आपल्याला मिळालेल्या क्षमेशी ताडून पाहिला म्हणजेच त्याचे माप कळते.

तिसरा पाठ : पालट

पश्चात्ताप म्हणजे डोळ्यांतील पाणी, अशी सर्वसाधारण समजूत असते. लूकाच्या १९ व्या अध्यायातील जक्कयाच्या गोष्टीत डोळ्यांतील पाण्याचा उल्लेखच नाही. तेथे आहे तो रोख हिशेब.

यरीहो हे यरुशलेमेच्या वाटेवरील व्यापाराचे गाव, आणि जक्कय तेथील मुख्य जकातदार. रोमन सत्तेखालील जकातीची वसुली ठेक्याने चाले. ठरलेल्या रकमेवर जे उपटता येईल ते वसूल करणाऱ्याचे. म्हणून हा माणूस श्रीमंत होता आणि गावाला नकोसा होता. येशू गावातून चालले होते; ह्याला त्यांना पाहायचे होते, पण अंगाने ठेंगणा असल्यामुळे गर्दीत दिसेना. तेव्हा हा मान्यवर अधिकारी पुढे पळत गेला आणि उंबरावर चढून बसला. येशू झाडाखाली आले, वर पाहिले, त्याला नावाने हाक मारली आणि आज आपला मुक्काम त्याच्याच घरी, असे कळवले. लोक कुरकुरले. जक्कय उभा राहिला व त्याने दोन गोष्टी जाहीर केल्या : आपल्या मालमत्तेचा निम्मा भाग गरिबांना, आणि ज्याचे काही लबाडीने घेतले असेल त्याला चौपट परत.

ह्या 'चौपट'चा अर्थ जुन्या करारावरून कळतो. ज्याने लबाडीने घेतलेले स्वतः होऊन कबूल केले, त्याने मुद्दल आणि वर एक पंचमांश द्यावा, असा नियम होता. म्हणजे शंभरास एकशेवीस. चौपट भरपाई होती ती मेंढरू चोरून कापणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला. म्हणजे कायद्याने ज्याचे १२० मध्ये भागले असते, त्याने आपण होऊन चोराचा दर स्वतःला लावून घेतला.

आता क्रम पाहावा. आधी पैसे परत कर, मग तुझ्या घरी जेवतो, असे येशूंनी म्हटलेले नाही. हाक आधी, हिशेब नंतर. मात्र हाक ऐकूनही हिशेब झालाच नसता, तर ती भेट केवळ एक जेवणावळ ठरली असती. स्वीकार आणि पालट ह्यांचे हे नाते आमच्या दीनातही सांगितले आहे. तौबा म्हणजे ते कर्म सोडणे, त्याची खंत वाटणे आणि पुन्हा न करण्याचा निश्चय करणे. आणि अपराध माणसाचा असेल तर आणखी एक अट लागू होते, ती म्हणजे ज्याचा हक्क मारला त्याचा हक्क त्याला पोचवणे. आपल्या वाल्या कोळ्याची कथाही हेच सांगते. नाव पालटण्याआधी त्याला वारुळात बसावे लागले.

आपल्या भाषेतील एक उदाहरण

पंडिता रमाबाईंचे नाव आपणां सर्वांस ठाऊक आहे. १८५८ साली त्या जन्मल्या, शास्त्रीबोवांच्या घरी संस्कृत शिकल्या, दुष्काळात आईवडील गमावले, पुढे वैधव्यही आले. १८८३ साली लहान मुलीला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. तेथे लंडनमधील फुलम ह्या भागात ख्रिस्ती भगिनींनी चालवलेले एक घर त्यांनी पाहिले. ज्या स्त्रियांना समाज 'पतित' म्हणून दार लावून घेतो, अशांसाठी ते घर होते, आणि तेथे त्यांना मायेने वागवले जात होते. रमाबाईंनी ह्याचे कारण विचारले, तेव्हा त्यांना विहिरीवर येशूंना भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा ऐकायला मिळाली. त्या कथेने आपल्या मनावर केवढा परिणाम केला, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यावरून महाराष्ट्रात पुष्कळ वाद झाले. त्या वादांत आपण शिरत नाही. आपला विषय एवढाच की, ते घर पाहून त्या गप्प बसल्या नाहीत. १८८९ साली मुंबईस त्यांनी शारदा सदन काढले. पुढे दुष्काळाच्या वर्षांत पुणे जिल्ह्यातील केडगावी मुक्ती सदन वाढत गेले, आणि तेथेच ज्यांना कोणी दारात उभे करीत नसे अशा स्त्रियांसाठी 'कृपा सदन' उभे राहिले. तेथे केवळ आसरा नव्हता. छापखाना, विणकाम, शेती असे उद्योग होते. १९२२ साली रमाबाई वारल्या. दया म्हणजे नुसता घास नव्हे, तर घास मिळवण्याचे बळ परत देणे, हे त्यांनी करून दाखवले.

आमच्या खात्यातील एक नोंद

आता आम्हांस जे सांगायचे आहे ते थोडे अवघड आहे. दुसऱ्याला पाठ सांगणाऱ्याने आपली वही आधी दाखवावी.

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील सहलीच्या वर्गणीचा लखोटा आमच्या टेबलाच्या खणातून नाहीसा झाला. त्यात २,४०० रुपये होते. तिसऱ्या दिवशी नववीतील एक मुलगा शाळा सुटल्यावर आमच्यापाशी आला आणि लखोटा पुढे केला. आत १,५०० रुपये उरले होते. बाकीचे त्याने मोबाइलच्या दुरुस्तीवर आणि मित्रांबरोबर खाण्यापिण्यावर घालवले होते. कारण काही उदात्त नव्हते. त्याने कबुली दिली, आणि आम्ही दुसऱ्या दिवशी ती भर वर्गात वाचून दाखवली. शिस्तभंगाची नोंद केली. त्या वेळी आम्हांस वाटले की, आम्ही कर्तव्य केले.

त्या मुलाने पहाटे वर्तमानपत्रे टाकण्याचे काम धरले. दर महिन्याला शंभर रुपये तो आमच्या हातात आणून देई. नऊ महिन्यांत नऊशे रुपये पुरे झाले. शेवटचे शंभर देऊन तो क्षणभर उभा राहिला. काही तरी ऐकायला तो थांबला असावा. आम्ही वह्या तपासत होतो. बरे, जा, एवढेच आम्ही म्हणालो.

दहावीनंतर त्याने पदविका अभ्यासक्रमासाठी आपल्या न्यासाकडे साहाय्याचा अर्ज केला. ज्याच्यावर शिस्तभंगाची नोंद आहे त्यास साहाय्य देऊ नये, असा आपला नियम आहे. समितीत आम्हीही होतो. अर्जावर दोन मिनिटे खर्च झाली. नकाराच्या कागदावर आमचीही सही आहे, आणि नकाराचे कारण म्हणून जोडलेली नोंद आमच्याच हस्ताक्षरातली आहे. चोरीची नोंद आम्ही शाईने केली होती. परतफेडीची नोंद आम्ही कोठेच केली नव्हती. समितीला ती माहीत असण्याचा मार्ग नव्हता. माहीत होती ती एकट्या आम्हांस, आणि आम्ही बोललो नाही. नियम होता, हे आमचे समाधान.

जक्कयाची गोष्ट आम्ही अनेकदा वाचली होती. पण त्या गोष्टीत कुरकुर करणारी गर्दीही आहे, आणि आपण त्या गर्दीत उभे आहोत, हे आमच्या लक्षात यायला फार उशीर झाला.

हा लेख लिहावयास घेतला तेव्हा आम्ही त्या मुलाचा शोध केला. तो आता एका कारखान्यात रोजावर आहे. आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने चहा दिला. आम्ही जे करायला हवे होते व केले नाही ते त्याच्यापुढे कबूल केले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने एवढेच विचारले, "सर, तो फॉर्म अजून मिळतो का?"

ह्या प्रश्नाचे उत्तर आम्ही एकटे देऊ शकत नाही. ते आपणां सर्वांच्या हाती आहे. म्हणून विश्वस्त मंडळापुढे आम्ही नम्रपणे एक सूचना ठेवतो. नियम रद्द करू नये, शिस्त हवीच. त्यास फक्त एक पुरवणी जोडावी : ज्याच्यावर अशी नोंद आहे त्या अर्जदारास समोर बोलावून त्याचे ऐकून घ्यावे, आणि झालेले नुकसान त्याने भरून दिले असेल व त्यानंतरचे वर्तन नीट असेल, तर त्याच्या अर्जाचा इतरांप्रमाणेच विचार व्हावा. त्याचप्रमाणे, जो शिक्षक अपराधाची नोंद करील त्याने परतफेडीचीही नोंद करावी. आमची राहिलेली नोंद आम्ही आता लेखी करून, सहीनिशी, कार्यालयात दिली आहे.

घरी विचार करण्यासाठी

शिक्षकाचा लेख प्रश्नांवाचून संपत नाही. हे चार प्रश्न सभासदांनी रात्री जेवणानंतर मुलाबाळांना घेऊन चर्चेस घ्यावेत.

१. थोरला भाऊ शेवटी घरात गेला असेल काय? आपण त्याच्या जागी असतो तर काय केले असते?

२. शंभर दीनारांचे देणे खरे होते. मग राजा रागावला तो नेमका कशामुळे?

३. जक्कयाने लोकांना काहीच परत दिले नसते, तर गावाने त्याला आपले मानावे काय?

४. आपल्या घरात, नात्यात किंवा गल्लीत असे कोणी आहे काय, ज्याच्या चुकीची नोंद आपल्याजवळ आहे, पण परतफेडीची नाही?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मोठ्याने देण्याची आवश्यकता नाही. ज्याला ते सापडेल त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माणसाच्या घरी जावे. पन्नासाव्या वर्षाचे शिंग फुंकण्याचा आम्हांस तरी एवढाच मार्ग माहीत आहे.